त्यांच्यात हळदवालं कोण हाय?

सांगलीजवळच्या हरिपूरच्या आण्णांना मी केलेला त्यांचा व्हिडिओ दाखवायला गेले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पडवीतल्या खाटेवर बसून, चष्मा कपाळावर चढवून आणि फोन हातभर लांब धरून त्यांनी स्वतःला शेवटपर्यंत बघितलं. मध्ये एकदा आवाज वाढवायला सांगितलं, एकदा सुनेला हाक मारून "बघ, आपली म्हस पण आलीया यात" म्हणाले. पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा, उघडतानाचा भाग आला तेव्हा मात्र गप्प झाले. व्हिडिओ संपल्यावर मी सांगितलं, "आण्णा, चारशेच्या वर लोकांनी बघितलाय." माझ्या लेखी तो आकडा चांगला होता, त्याआधीचे कितीतरी व्हिडिओ शंभरीच्या आतच अडकले होते. आण्णांनी फोन माझ्याकडे दिला, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि विचारलं, "त्यांच्यात हळदवालं कोण हाय?"

मला प्रश्न लगेच कळला नाही. "म्हंजे हळद ठेवायची हाय, जागा पायजे, असं कोण हाय का त्या चारशात?" आण्णांच्या वाट्याला आलेल्या पेवांपैकी एक अजून धड आहे आणि ते रिकामं आहे. मी म्हटलं, "ते कळत नाही, आण्णा." "एवढी माणसं बघून गेली आणि कोण हुती ते कळत न्हाई?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच नवल वाटलं होतं. सुनेनं चहा आणला, मग बोलणं पावसाकडं वळलं. मी स्कूटीवरून सांगलीच्या गावभागात परत आले, पण तो प्रश्न काही माझी पाठ सोडेना.

यूट्यूबवर चॅनेल सुरू केला तो याच पेवांमुळे. मी एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. लहानपणी वडिलांबरोबर हरिपूरला संगमेश्वराच्या देवळात जायचो तेव्हा वाटेत कुठंतरी पेव उघडलेलं असायचं. आधी वास यायचा. घरातल्या डब्यातल्या हळदीचा कोरडा वास निराळा. हा ओलसर, उबदार, मातीत मुरलेला, नाकात शिरला की घशापर्यंत जाणारा. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, आणि आत उतरत जावं तसं रुंद होणारं पोट. तळाला आणि कडेनं पाचट लावायचं, हळद भरायची आणि वरून तोंड मातीनं बुजवून टाकायचं. आत हवा खेळत नाही म्हणून कीड लागत नाही. वर्षानुवर्षं माल तसाच राहायचा. खाली उतरणारी माणसं वर यायची तेव्हा त्यांच्या भुवया, पापण्या, बंडी, सगळं पिवळं झालेलं असायचं. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि कितीतरी पेवं खचली. पुढं २०१९ आणि २०२१ ला कृष्णा पुन्हा वर आली. तोवर माल गोदामांकडं आणि शीतगृहांकडं वळला होता. पेव खणता येणारी, पेवाचा अंदाज असणारी माणसं आता म्हातारी झाली आहेत. त्यांच्या डोक्यात आहे ते कुठंतरी नोंदवून ठेवावं, या एका इच्छेपोटी मी फोन उभा करायला एक तिपाई घेतली आणि कॉलरला लावायचा साधा माइक घेतला. नोंदवून झालं की आपोआप प्रश्न येतो: कुणासाठी?

भाचा पुण्याला शिकतो. त्याला या जगातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि तो मनापासून मदत करतो. दिवाळीत आला तेव्हा त्यानं मला यूट्यूबच्या स्टुडिओ ॲपमधला प्रेक्षकांचा आलेख नीट वाचायला शिकवलं. डावीकडं सगळे प्रेक्षक उभे असतात आणि उजवीकडं सरकत जावं तशी रेघ उतरत जाते, कोण कुठं उठून गेलं ते दिसतं. पेवाच्या व्हिडिओत एका ठिकाणी ती रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली आली होती. "आत्या, इथं माणसं पळतायत बघ." ती जागा म्हणजे आण्णांनी पेवाचं झाकण बाजूला केलं आणि नुसते उभे राहिले, तो भाग. अर्धा मिनिट कुणी काही बोलत नाही. लांबून एक ट्रॅक्टर जातो, आण्णा पेवाच्या तोंडाकडं बघत कमरेवर हात ठेवून थांबलेले. भाच्याचं म्हणणं, हे कापून टाक. मी त्याला सांगितलं, आण्णा थांबलेत ते आतली हवा बाहेर पडावी म्हणून. बंद पेवात उघडल्या उघडल्या उतरलं तर माणूस गुदमरतो. ते अर्धं मिनिट काढून टाकलं तर पेव उघडायचं कसं याची चुकीची माहिती चॅनेलवर राहील, आणि तीही अशा कामाबद्दल ज्यात जीव जाऊ शकतो. तो विचारात पडला. मग म्हणाला, "पण हे बघणाऱ्याला कुठं माहितेय?" त्याचंही खरं होतं. त्या जागी आम्ही सबटायटलची ओळ टाकली: आण्णा आतली हवा जायची वाट बघतायत.

त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत हिशोब करत बसलो. जाहिरातींतला वाटा मिळायचा तर १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघणं व्हायला लागतं. २०१८ पासून हा नियम आहे. २०२३ मध्ये त्याच्या अलीकडं एक पायरी आली, ५०० सबस्क्रायबर आणि ३००० तासांची, पण तिच्यावर जाहिरातींचे पैसे नाहीत. चार हजार तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. एका माणसानं सरासरी चार मिनिटं बघितलं तर साठ हजार वेळा कुणीतरी बघायला हवं. भाचा कागदावर हे लिहीत होता आणि माझ्या मनात येत होतं, हरिपूरची लोकसंख्या तरी एवढी आहे का! यूट्यूबनं २०१२ मध्ये नुसत्या क्लिकपेक्षा किती वेळ बघितलं याला जास्त वजन द्यायला सुरुवात केली, म्हणून सगळे त्या उतरत्या रेघेच्या मागे असतात, हे मला तेव्हा उमगलं. थंबनेल, म्हणजे व्हिडिओचं दर्शनी चित्र, समोर आलं की शंभरातली किती माणसं त्यावर बोट ठेवतात याचाही आकडा असतो. निम्म्या चॅनेलांचा आणि व्हिडिओंचा तो दोन ते दहाच्या मध्ये असतो असं यूट्यूबच सांगतं. माझा त्याच पट्ट्यात होता, आणि हे कळल्यावर मला चक्क हायसं वाटलं. मग मी भाच्याला म्हटलं, आता मला बघणारे कोण आहेत ते दाखव. त्यानं प्रेक्षकांचं पान उघडलं. वय, स्त्री की पुरुष, या चौकटी रिकाम्या होत्या. पुरेशी माहिती नाही, असं लिहून आलं. चॅनेल लहान असला की तेवढंही दिसत नाही. प्रेक्षक दिवसातल्या कोणत्या वेळी यूट्यूबवर असतात ते सांगणाऱ्या जांभळ्या पट्ट्यांच्या जागीही काही नव्हतं.

आण्णांना मी जे उत्तर दिलं होतं तेच उत्तर ते पान मला देत होतं.

मला आठवण झाली ती वडिलांची. ते नोकरी सांभाळून हौशी नाटकांत प्रॉम्प्टिंग करायचे, आणि मी शाळेत असताना त्यांच्याबरोबर विंगेत बसायची परवानगी मला होती. पडद्याला एका बाजूला डोळ्याएवढं भोक असायचं. तिसरी घंटा व्हायच्या आधी नट एकेक करून त्या भोकाला डोळा लावायचे. वडीलही लावायचे आणि मागे वळून हळू आवाजात सांगायचे. किती खुर्च्या भरल्या हे त्यांनी कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. ते सांगायचे, पोस्टातली सगळी मंडळी आलीत. वकीलवाड्यातल्या म्हाताऱ्या दुसऱ्या रांगेत आहेत, जरा मोठ्यानं बोला. आज मागे कॉलेजची पोरं आहेत, दुसऱ्या अंकात थांबून घ्या, हशा येईल. त्यावरून नट आवाज लावायचे, कुठं थांबायचं ते ठरवायचे. नाटक तेच असायचं, पण समोर कोण आहे यावर त्याचा श्वास बदलायचा. विंगेत लाकडाचा, ओल्या रंगाचा आणि गजऱ्यांचा वास असायचा आणि भोकातून दिसणारी ती पिवळट उजेडातली माणसं मला फार आवडायची, कारण ती आपल्याला कुणी बघत नाही अशा समजुतीत एकमेकांशी बोलत असायची.

प्रेक्षक गोळा करायची विद्या खरं तर या गावाच्या अंगात आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर हे नाटक केलं ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या समोर, राजाश्रयावर. ५ नोव्हेंबर आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो तो त्याच प्रयोगामुळे. मला मात्र त्या पहिल्या प्रयोगापेक्षा त्यानंतरच्या दहा वर्षांचं जास्त कुतूहल वाटतं. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि आश्रय संपला. एक जाणता, ओळखीचा, समोर बसलेला प्रेक्षक गेला. मग भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगावी जायचं ठरवलं आणि १८५३ मध्ये ते मुंबईत पोचले, जिथं तिकीट काढून अनोळखी माणसं नाटक बघायला आली. त्या मंडळींना सामान, पडदे, मुखवटे घेऊन घाट उतरताना काय वाटलं असेल? सांगलीत हसणारा माणूस मुंबईत हसेल का, इथं ज्या सोंगाला दाद मिळते ते तिथं पोरकट वाटेल का? आपली गोष्ट अनोळखी माणसापर्यंत न्यायची तर तिच्यातलं काय बदलायचं आणि काय हलू द्यायचं नाही, हे त्यांना रोज रात्री नव्यानं ठरवावं लागलं असणार. तेवढं धाडस माझ्यात नाही, पण पेवाजवळचं ते अर्धं मिनिट ठेवायचं की कापायचं हे ठरवताना मला त्यांची फार जवळीक वाटली.

एका पावसाळ्यात मला प्रेक्षक म्हणजे काय ते अगदी दुसऱ्या बाजूनं कळलं. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी सकाळी आली आणि दुपारी मी छत्री घेऊन कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडं गेले. सगळा गाव तिथं असतोच अशा दिवशी. पुलाच्या खांबावरचे आकडे बघायचे, मनात फूट मोजायचे, शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशी "काल रात्रीपास्नं किती चढलं?" असं बोलायला सुरुवात करायची. इथं ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका हे पाढ्यासारखं पाठ असतं, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तो आकडा तर अंगावर आहे आमच्या. मी खांबावरची खूण, गढूळ पाण्याचा तो जड वळसा आणि त्यातून वाहत चाललेली उसाची मोळी असं मिनिटभराचं चित्रण केलं, वर तारीख आणि वेळ लिहिली आणि टाकून दिलं. घरी येऊन आम्ही खालच्या खोलीतलं धान्य वर चढवायला लागलो. शेजारच्या काकूंचा फ्रीज चौघांनी मिळून जिन्यानं नेला. मध्येच फोन बघितला तर आकडा हजारांत पळत होता.

आणि त्या दिवशी प्रत्येक प्रेक्षक कोण आहे ते मला कळत होतं. "ताई, सूर्यवंशी प्लॉटमध्ये पाणी आलंय का? आईबाबा फोन उचलत नाहीत." "दत्तनगरचं कुणी सांगा." "मी पुण्यात आहे, टिळक चौकातून रस्ता चालू आहे का?" एकानं कुठल्याशा परदेशातून लिहिलं होतं की तिथं पहाटेचे तीन वाजलेत आणि झोप येत नाही. प्रत्येक ओळीला एक घर होतं, एक गल्ली होती. माहीत होतं तेवढं मी लिहीत गेले, नव्हतं तिथं त्या भागातल्या ओळखीच्यांना फोन करून लिहीत गेले. रात्री पाणी काही वेळ थांबलं, मग दोन बोटं उतरलं. मला हलकं वाटत होतं आणि आकड्याकडं बघून आनंदही होत होता. हे दोन्ही एकाच वेळी एकाच छातीत होतं, त्यांना वेगळं करता येत नव्हतं. पाणी ओसरल्यावर पुढच्या आठवड्यात मी मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांचा व्हिडिओ टाकला. पुराच्या वेळी जोडले गेलेले ते शेकडो लोक तो बघायला आले नाहीत. भाचा हळहळला. नवीन व्हिडिओ आधी यांच्यासमोर जातो, ते बघत नाहीत, म्हणून तो पुढं सरकत नाही, असं त्यानं समजावलं. मला त्या माणसांचा राग येत नाही. ते हळद बघायला आलेच नव्हते, आईबाबांच्या गल्लीत पाणी आहे का ते बघायला आले होते, आणि ते त्यांना समजलं.

त्यानंतर वाढीचे बरेच रस्ते मला दाखवण्यात आले. आपल्याकडं २०२० च्या जूनअखेर टिकटॉक बंद झालं आणि सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स आले, तेव्हापासून छोट्या व्हिडिओंचा पूरच आहे. भाच्याच्या सांगण्यावरून मी हळद पॉलिश करणाऱ्या ड्रमचा एक केला. लोखंडी पिंपात हळकुंडं घासली जातात, तो खडखडाट, आणि शेवटी झाकण उघडल्यावर झळाळून बाहेर पडणारा ढीग. हजारोंनी बघितला. त्यातून मोठ्या व्हिडिओकडं आलेले फारच थोडे. तो बघून कुणाच्या तरी दिवसात दोन क्षण पिवळा रंग आला असेल, तेही मला कमी वाटत नाही. पण त्यानं आण्णांच्या प्रश्नाला हात लागत नाही. दुसरा रस्ता व्हॉट्सॲपवरचा. एका ग्रुपमध्ये मला कुणीतरी घेतलं, तिथं सगळे लहान चॅनेलवाले होते आणि नियम एवढाच की तुम्ही मला सबस्क्राइब करा, मी तुम्हाला करतो. यूट्यूबच्या नियमांत हे बसत नाही, पण मला त्याहून वेगळीच गोष्ट बोचली. त्या ग्रुपमध्ये पाककृतीवाल्या बायका होत्या, स्पर्धा परीक्षांचे मास्तर होते, भजनी मंडळ होतं, एक मुलगा जतकडच्या माणदेशी मेंढरांवर फार सुंदर व्हिडिओ करायचा, आणि कुणीही कुणाचं काहीही बघत नव्हतं. सगळे आपापली लिंक टाकून अंगठ्याची वाट बघत होते. मी त्या मेंढरांच्या मुलाचे व्हिडिओ एका रविवारी बसून बघितले, त्याला खाली लांबलचक लिहिलं आणि ग्रुप सोडला. तो मुलगा आजही माझा प्रत्येक व्हिडिओ बघतो. लोकरीबद्दलचा एक प्रश्न मी त्याला विचारला होता, त्यावर त्यानं एक आख्खा व्हिडिओ केला.

खरी हालचाल झाली ती मथळ्यांतून. "हरिपूरची पेवं, एक वारसा" असं जे नाव होतं ते मी बदलून "हळद पेवात कशी ठेवतात?" असं केलं. फोनशी बोलून शोधणारा शेतकरी वारसा म्हणत नाही. मग हळद शिजवण्याचा एक व्हिडिओ केला. काहिलीत पाऊण तास ते तासभर उकळी, वर येणारा फेस, तो पांढरा वाफारा आणि त्याचा वास, आणि शिजली का ते बघायला हळकुंडात घुसवलेली काडी. हल्ली बहुतेक ठिकाणी वाफेवरचे कुकर आलेत, तेही दाखवले. या व्हिडिओचा आलेख मजेशीर आहे. एरवी तो निपचित पडलेला असतो, आणि फेब्रुवारीत काढणी सुरू झाली की उठून उभा राहतो. ज्याच्या काहिलीखाली जाळ लागलाय तो माणूस बघतोय, हे त्या रेघेवरून स्पष्ट दिसतं. मला त्या रेघेचं फार प्रेम वाटतं. तिथंच एकदा मराठवाड्यातल्या वसमतकडच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, आमच्याकडं सेलम जातीची हळद आहे, रान काळं आहे, आमच्यात पेव धरेल का? मी तो प्रश्न फोनमध्येच घेऊन हरिपूरला गेले. आण्णांनी दोनदा वाचायला लावला. "काळ्या रानात न्हाई टिकत. उन्हाळ्यात भेगा पडत्यात, पावसात माती फुगती. त्याला सांगा, पैसं घालवू नगोस." मी म्हटलं, आण्णा, हेच कॅमेऱ्यासमोर बोला. ते बोलले, त्या माणसाचं नाव घेऊन, त्याच्याकडं बघितल्यासारखं भिंगात बघून. आण्णा असं कधी बोलले नव्हते. पहिल्या व्हिडिओत ते मला सांगत होते, मी ऐकतेय का याचा अंदाज घेत. या वेळी त्यांना समोर एक माणूस दिसत होता. त्या उत्तराच्या व्हिडिओतली रेघ कुठंही कोसळलेली नाही, आणि त्यात आण्णांच्या बोलण्यात पहिल्याइतकेच थांबे आहेत.

मिरजेचंही तसंच झालं. सतारमेकर गल्लीत तारा लावलेल्या तंबोऱ्यांची रांग भिंतीला टेकून उभी असते, खाली भोपळ्यांचा ढीग, लाखेचा आणि भुशाचा वास. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पुष्कळ कॅमेरे तिकडं गेले, मीही गेले. माझ्या त्या मानांकनाच्या व्हिडिओकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. तीच बातमी इतरांनी जास्त चांगली दिली होती. पण एका कारागिरानं जवारी काढताना, म्हणजे तारेचा झंकार खुलवताना, मला बसू दिलं. तारा टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग कानसीनं अगदी हलकेच घासायचा, तार लावायची, छेडायची, कान द्यायचा, तार काढायची, पुन्हा घासायचं. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा आणि तो एका विशिष्ट जागी आला की आवाज उघडतो. चॅनेल वाढवण्याच्या शास्त्राप्रमाणं त्या व्हिडिओत सगळंच चुकीचं आहे. लांब आहे, बोलणं कमी आहे. तरी तो हळूहळू बघितला जातो, आणि बघणारे पुनःपुन्हा येतात. धारवाडच्या एका विद्यार्थिनीनं लिहिलं की ती रियाजाआधी धागा लावताना तो सुरू ठेवते, थांबवते, मागे नेते. रेघेवर एका जागी उंचवटा आला होता तो कशानं, हे मला तिच्यामुळे कळलं. भाचा मात्र अजून एका गोष्टीवर अडून आहे: जवारीआधीची तार आणि नंतरची तार हे दोन आवाज अगदी सुरुवातीलाच ऐकवायला हवेत, म्हणजे काय होणार आहे ते ऐकणाऱ्याच्या कानाला आधी कळेल. मला ते पटलं आहे. पुढच्या खेपेला तसंच करायचं.

हजाराचा टप्पा अजून आलेला नाही. तो यावा असं मला वाटतं आणि ते लपवण्यासारखं काही नाही. माणसं जास्त असतील तर वसमतसारखे प्रश्न जास्त येतील, आणि ज्यांच्याकडं उत्तरं आहेत ती माणसं आज आहेत, आणखी काही वर्षांनी नसतील. म्हणून घाई आहे मला. पण कुणाला गाठायचं याची दिशा आता मला दिसायला लागली आहे. सांगलीच्या पेठेत येणारी हळद काही सगळी आपल्या जिल्ह्यातली नसते. बेळगाव जिल्ह्यातून, रायबाग-गोकाकच्या बाजूनं ट्रक भरून माल येतो. तिथले शेतकरी मार्केट यार्डात आपल्याशी मराठीत बोलतात, घरी कानडीत. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनी अथणीच्या. त्यांना मी विचारलं आणि त्या म्हणाल्या, "मोबाईलवर टाईप करायला शिकवा मग देते की करून." दुपारी कामं आवरली की त्या वर येतात. मी एक वाक्य थांबवते, त्या ते दोनदा ऐकतात, पुटपुटतात आणि मग कानडीत टाइप करतात. आण्णांची बोली त्यांना कधी कधी अडते, तेव्हा मी साध्या मराठीत सांगते. पेवाच्या व्हिडिओला कानडी सबटायटल लावून पूर्ण झाली आणि शिजवण्याच्या व्हिडिओचं काम अर्ध्यावर आहे. ती अर्ध्या मिनिटाची वाट बघण्याची ओळ लिहिताना वहिनी थांबल्या आणि म्हणाल्या, "हे मोठ्या अक्षरात येतं का बघा. महत्त्वाचं आहे."

परवा रायबागच्या बाजूच्या एकानं कानडीत लिहिलं. वहिनींनी वाचून सांगितलं: याच्याकडं गेल्या वर्षीचा माल पडून आहे, दर नाही म्हणून विकला नाही, आणि ठेवायचं भाडं कळलं तरी गाडीभाडं, चढ-उतार, हमाली सगळं धरून हरिपूरपर्यंत आणणं परवडेल का असं तो विचारतोय. पेवाचं भाडं आण्णा सांगतील. गाडीचं आणि हमालीचं ना त्यांना माहीत, ना मला. शनिवारी शाळा लवकर सुटते. तेव्हा मार्केट यार्डात एका अडत्याकडं जाऊन विचारणार आहे, आणि तो तयार झाला तर त्याचं उत्तर तिथंच चित्रित करणार आहे. वहिनी म्हणाल्या, मी पण येते, कानडी गाडीवाले भेटले तर त्यांनाच विचारू.